एका भिश्त्याची बादशाही

गरीब मजूर आणि श्रीमंत शेठ यांच्या शरीरांची अदलाबदल होते, अशा गोष्टी मुलांना फार आवडतात. इतिहासात शरीरं नाही, पण जागा एकदा खरंच बदलली होती.

आमचं जूचंद्र वसई तालुक्यातलं. १५३४ मध्ये हुमायूनच्या धाकाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. त्याच हुमायूनला १५३९ मध्ये चौसा इथे शेरखानाने हरवलं. जीव वाचवायला तो गंगेत उतरला, तेव्हा निजाम नावाच्या भिश्त्याने आपल्या मशकीच्या आधाराने त्याला पार नेलं. आग्र्याला पोहोचल्यावर हुमायूनने त्याला तख्तावर बसवलं. अबुल फजल अर्धा दिवस म्हणतो, हुमायूनची बहीण गुलबदन बेगम दोन दिवस. शत्रू जवळ आलेला असताना हे काय चाललंय, म्हणून भाऊ कामरान नाराज झाला.

‘भिश्ती’ हा शब्द ‘बिहिश्त’ म्हणजे जन्नत यावरून आला, असं मानतात. तहानलेल्याला पाणी पाजणारा तो जन्नती. नाव एवढं मोठं, पण पखाल पिढ्यानपिढ्या त्याच खांद्यांवर राहिली.

हुमायूनने उपकार विसरला नाही, हे चांगलंच. पण कष्टकऱ्याला घटकाभर तख्त देण्यापेक्षा रोजची रास्त मजुरी आणि इज्जत देणं मला मोठं वाटतं.