खडतर मार्गांवरील वाहने : सस्पेन्शन आणि अँटी-रोल यंत्रणेतील दोष

लडाखमधील खडीचे घाटरस्ते असोत, थरच्या वाळवंटातील वाटा असोत वा ईशान्येकडील चिखलाचे मार्ग, तेथे धावणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांत सर्वाधिक मार सोसते ती सस्पेन्शन यंत्रणा. तिच्यातील दोष शोधताना मोठी अडचण अशी, की आवाज एकीकडून येतो आणि बिघाड भलतीकडेच असतो. परिणामी पुष्कळदा सुस्थितीतील भागच बदलले जातात.

अँटी-रोल बार ही स्प्रिंगच्या पोलादाची वाकवलेली दांडी होय. तिचा मधला भाग रबरी बुशांच्या आधारे चासीला आणि दोन्ही टोके छोट्या लिंकद्वारे चाकांकडील भागांना जोडलेली असतात. वळणावर वाहन कलू लागले की दांडीला पीळ बसतो आणि ती हा कल आवरते. मात्र दोन्ही चाके एकाच वेळी सारखीच वर उचलली गेली तर तिला पीळ बसत नाही. दोषनिदानाची किल्ली येथेच आहे. एकच चाक खड्ड्यात जाताना खटखट ऐकू येत असेल, पण गतिरोधक सरळ ओलांडताना येत नसेल, तर प्रथम लिंकचे सांधे आणि बुश तपासावेत. त्या वेळी वाहन सपाट जागी उभे असावे. अन्यथा पिळामुळे सैल सांधाही घट्ट भासतो. हे भाग तुलनेने स्वस्त असतात. महागडे शॉक ॲब्सॉर्बर बदलूनही आवाज कायम राहतो, तो बहुधा यामुळेच.

पाट्यांच्या स्प्रिंगचे दुखणे निराळे. भारतात १९८५ मध्ये आलेल्या आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती जिप्सीला पुढे-मागे पाटेच होते. तुटलेला पाटा डोळ्यांना दिसतो. पाट्यांमधील तुटलेला बोल्ट दिसत नाही. यू-बोल्ट सैल झाल्यास या बोल्टवर ताण येऊन तो कापला जातो, ॲक्सल सरकतो आणि वाहन तिरके चालू लागते. पुढील व मागील चाकांच्या केंद्रांमधील अंतर दोन्ही बाजूंनी मोजल्यास हा दोष उघड होतो.

रेंज रोव्हरमध्ये १९९२ साली इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे एअर सस्पेन्शन आले. अशा यंत्रणेतील रबरी फुगे कालांतराने चिरतात आणि रात्रभर उभे असलेले वाहन सकाळी एका कोपऱ्यात खचलेले आढळते. गळती तशीच ठेवल्यास हवा भरत राहणारा कॉम्प्रेसर जळतो. केवळ तोच बदलला, तर नवाही फार काळ टिकत नाही.

खडकाळ भागात चाक खोलवर उतरावे म्हणून काही चालक अँटी-रोल बारची लिंक सोडवतात. ती पुन्हा न जोडता महामार्गावर आल्यास अचानक दिशा बदलताना वाहन धोकादायकरीत्या कलते. २००७ च्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये ही सोय बटणावर मिळाली. ताशी सुमारे २९ किलोमीटरचा वेग ओलांडल्यावर बार आपोआप जोडला जातो. मात्र ही यंत्रणा समोर खालच्या बाजूस असल्याने तिच्यात पाणी शिरू शकते. दर्शक दिवा लुकलुकत राहिल्यास बार पूर्ण जोडला गेलेला नाही, असे समजून वेग कमी ठेवावा.

उंच स्प्रिंग बसवल्यास गुरुत्वमध्य वर जातो आणि मूळ मापाच्या लिंक वाकड्या कोनात ओढल्या जाऊन लवकर झिजतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले.