उसवण्यासाठी घातलेले टाके

डोळे मिटा, पण नाक उघडं ठेवा.

पहिला वास येतो तो कापराचा. आरती आठवली ना? पण इथे ना निरांजन, ना घंटा. कुणीतरी हलक्या लाकडाची लांबोडकी पेटी उघडली आहे. आत रेशीम आहे आणि रेशमाला कसर लागू नये म्हणून घातलेला कापूर. त्यामागून जळत्या कोळशाचा वास येतो, मग गवती चटईचा, आणि सगळ्यात शेवटी माणसांचा: अंगच्या घामाचा, केसांना चोपडलेल्या तेलाचा. आता उघडा डोळे. काळोख आहे, एक दिवा मिणमिणतोय, पाय गारठलेत, तुमच्या हातात सुई आहे आणि समोरचा माणूस म्हणतोय, "बसल्या बसल्या झोपलास होय रे? दोरा ओव."

तुमचं वय बारा. शहर एदो, पुढे याचंच तोक्यो होणार. आसाकुसाच्या मोठ्या देवळामागे सारुवाका-चो नावाची वस्ती आहे. १८४२ साली शहरातली मोठी काबुकी नाटकगृहं उठवून इथे आणली, त्याला आता दहाएक वर्षं झाली असतील. तुम्ही त्यांतल्या नाकामुरा-झा या नाटकगृहात, रंगमंचामागच्या एका खोलीत बसला आहात. स्त्रीभूमिका करणाऱ्या एका नटाचे तुम्ही सगळ्यांत धाकटे शिष्य. तुम्ही एरवी बाई असा की बुवा, आज मुलगाच व्हावं लागेल, कारण १६२९ पासून इथे बायकांना रंगमंचावर बंदी आहे. समोरचा माणूस थोरला शिष्य. या धंद्यात थोरल्या शिष्याला भाऊच मानतात, तेव्हा तुम्हीही त्याला दादा म्हणा.

आणि दोरा ओवा. उजाडायला फार वेळ नाही.

दादा पेटीतून दोन किमोनो काढतो. एक लालभडक, त्यावर लोंबत्या फांद्यांचा चेरीचा बहर, फुलांच्या कडेने सोनेरी जर. दुसरा फिक्या निळ्या रंगाचा, बहर तोच. दोन्हींच्या बाह्या इतक्या लांब की उभ्या माणसाच्या घोट्याशी पोचाव्यात. हात लावून बघा. लाल किमोनो जड आहे, भरतकामाखाली कापूस भरून फुलं वर उचललेली आहेत. जवळून हे जरा भडकच दिसतं. पण नाटकगृहात उजेड येतो तो वरच्या खिडक्यांतून आणि मेणबत्त्यांचा. त्या अंधुकात, लांब मागे बसलेल्या माणसापर्यंत नाजूक नक्षी पोचणारच नाही. नाटकाचं कापड नेहमी दुरून बघायचं असतं, हे इथल्या शिंप्यांना आणि रंगाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता नीट बघा, कारण आजचं तुमचं काम हेच आहे. लाल किमोनो अखंड नाही. कमरेशी त्याचे दोन तुकडे आहेत, वरचा आणि खालचा. खांद्यावर, बाह्यांच्या कडेला, बाजूला, तो उघडाच आहे. तिथे जाड दोऱ्याने लांब लांब टाके घालायचे. दोऱ्याच्या टोकाला छोटी गोळी, बोटात धरता येईल अशी. निळा किमोनो आत, लाल बाहेर, आणि लाल धरून ठेवलाय तो फक्त या कच्च्या टाक्यांनी. नट नाचत असताना, हजार डोळ्यांसमोर, मागे बसलेल्याने एकेक गोळी ओढून दोरे काढायचे. शेवटचा सुटला की लाल क्षणात उडतो आणि तीच मुलगी निळ्यात उभी असते. याला हिकिनुकी म्हणतात.

तुमच्या घराजवळचा शिंपी आठवा. ब्लाउज मापाला लागतो का हे बघायला तो कच्ची शिलाई घालतो, मग ती उसवून पक्की मारतो. कच्चा टाका म्हणजे तात्पुरता, जाता जाता घातलेला. इथे उलटं आहे. इथे सगळ्यात अवघड, सगळ्यात जोखमीचा टाका तो कच्चाच. घट्ट बसला तर ऐन वेळी दोरा अडकतो. सैल पडला तर पहिल्याच गिरकीत खांदा उघडा पडतो आणि आतला निळा चोरासारखा डोकावतो. दादा तुमचा एक टाका बोटाने उचलून बघतो, काही न बोलता उसवतो. पुन्हा घाला. पुन्हा उसवतो. चौथ्यांदा तो नुसता हुंकारतो. मला विचाराल तर एवढी दाद पुरे आहे.

बाहेर नगारा वाजू लागलाय. नाटक उजाडताच सुरू होतं आणि दिवेलागणीला संपतं, दिवसभर. लाकडी जिन्यावर पावलं धडधडतात. तुमची खोली ज्या मजल्यावर आहे त्याला ‘मधला दुसरा मजला’ म्हणतात आणि त्याच्या वरच्याला ‘खरा दुसरा मजला’. नाटकगृहाला तीन मजले बांधायला मनाई आहे, म्हणून तिसऱ्याला तिसरा म्हणायचंच नाही! स्त्रीभूमिका करणारे मधल्यात, पुरुषभूमिकांचे वरच्यात.

गुरू आले. नुकतीच आंघोळ झालेली, अंगातून वाफ निघते आहे. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा पुरुष. ते घासूनपुसून चकचकीत केलेल्या काशाच्या आरशासमोर बसतात आणि मेणाचा गोळा हातात चोळून मऊ करतात. मेणाचा गोडसर वास खोलीभर पसरतो. भुवया मेणाखाली झाकल्या जातात. मग रुंद सपाट कुंचल्याने पाण्यात कालवलेला पांढरा रंग. चेहरा ते स्वतः रंगवतात, मानेमागे मात्र दादा. थंडगार रंगाने पाठीवर काटा येतो तो तुम्हाला दिसतो. या रंगात शिसं आहे. तुम्हाला ते माहीत आहे, ओरडून सांगावंसंही वाटेल. पण बारा वर्षांच्या पोराचं कोण ऐकणार? डोळ्यांच्या कोपऱ्यात करडईच्या फुलांचा लाल. ओठांवर तोच.

हे चालू असताना त्यांच्याकडे टक लावून बघू नका. जेवणाचा डबा आला की ते तोंड फिरवून, कुणाला दिसणार नाही असं खातील. योशिझावा आयामे नावाच्या जुन्या नटाची ही शिकवण: स्त्रीभूमिका करणाऱ्याने रंगमंचामागेही बाईच्या मनाने वागावं.

आता नेसवायचं. हो, हे कपडे घालायचे नसतात, नेसवायचे असतात. आधी सुती आतला कपडा. मग नाड्या. एक, आणखी एक, आणखी एक. छातीशी, कमरेशी, खाली. गुरू पाठीची दोन्ही पाती मागे ओढून एकमेकांना भिडवतात, खांदे खाली सोडतात, गुडघे जुळवतात. तुमच्या डोळ्यांसमोर रुंद खांदे उतरते होतात. कापडाने लपवलं असं वाटत असेल तर चूक. अर्धं काम त्यांच्या हाडांनी केलंय, कापड नुसतं साक्षीला आहे. डावी बाजू उजवीवर येते. उलट नेसवतात ते फक्त प्रेताला, तेव्हा गडबडीत चुकू नका. मागून गळा खाली ओढायचा, मानेचा पांढरा उतार दिसेल एवढा. मग कमरेला पट्टा. तिघं मिळून तो आवळतात, एकाचा गुडघा त्यांच्या पाठीला टेकलेला. श्वास अर्ध्यावर अडतो. एवढ्या आवळलेल्या छातीने ते तासभर नाचणार आहेत.

शेवटी टोप. तांब्याच्या पत्र्याचा साचा, त्यांच्याच डोक्याच्या मापाने ठोकून घेतलेला, त्यावर खरे केस. तो डोक्यावर बसताच ते डोळे मिटून एक क्षण थांबतात. उघडतात तेव्हा खोलीत एक तरुण मुलगी बसलेली असते. तुमच्या अंगावर काटा येतो. बालगंधर्वांना शालूत बघून आपल्या पणजोबांची जी गत झाली असेल, तीच.

शेजारच्या खोलीच्या दारातून जाताना आत एक नजर टाका. तिथे भिंतीवर आगेमाकीचा पोशाख टांगलाय. ‘सुकेरोकु’ नाटकातली ती मानाची गणिका. तिचे कपडे म्हणजे वर्षभराचे सण. पाठीवर नव्या वर्षाची सजावट, गवताचा दोर आणि पाइनच्या डहाळ्या. पुढे बांधलेल्या पट्ट्यावर धबधबा चढून जाणारा मासा, तो मुलांच्या सणाचा. सगळं मिळून आजच्या मापाने तीस-चाळीस किलो भरतं. वर उंच लाकडी खडावा घालून ते अंगावर वागवायचं आणि चेहऱ्यावर थकवा दिसू द्यायचा नाही.

पडद्यापाशी या. काळा, पांढरा आणि मातकट केशरी असे उभे पट्टे. हे रंग याच नाटकगृहाचे. फटीतून बाहेर बघा. बाप रे, किती माणसं! खाली चौकोनी खणांत घरंच्या घरं दाटीने बसलीत, बाजूच्या सज्ज्यांत पैसेवाले. उकडतंय. तंबाखूचा धूर, भाजलेल्या माशाचा वास, सोयाचा खारट वास, भाताच्या मुटक्यांचे डबे उघडल्याची वाफ. कुणाचं मूल रडतंय, कुणी चहा मागतंय, कुणी आत्ताच एका नटाच्या घराण्याच्या नावाची आरोळी ठोकतंय. आणि बायकांचे कपडे बघा. त्या पलीकडच्या बाईच्या पट्ट्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आहेत ना? त्या नक्षीला इथे इचिमात्सु म्हणतात, कारण शंभरेक वर्षांपूर्वी सानोगावा इचिमात्सु नावाच्या नटाने ती रंगमंचावर घातली. नट मरून कितीतरी वर्षं झाली, त्याचे चौकोन अजून रस्त्यावर हिंडतायत.

लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटतात. पडदा सरकतो.

‘मुसुमे दोजोजी’. नाचणारी मुलगी देवळाच्या घंटेपाशी आलीय, पण ही मुलगी म्हणजे मागे प्रेमात पोळून साप झालेल्या बाईचं भूत. हा नाच १७५३ मध्ये नाकामुरा तोमिजुरोने याच नाटकगृहाच्या जुन्या जागी नाचून दाखवला. मागे लाल फडकी अंथरलेल्या पायऱ्यांवर गायक आणि शामिसेनवाले, खाली ढोलक्या आणि बासरी. तुम्ही आणि दादा गुरूंच्या मागे गुडघ्यांवर. लोकांना तुम्ही दिसता, पण तुम्हाला न बघण्याची त्यांना सवय आहे. एक जण लांब दांड्याच्या टोकाला मेणबत्ती लावून गुरूंच्या चेहऱ्यासमोर धरतो. ज्योत रेशमापासून हातभर दूर. वितळत्या मेणाचा वास, पायांखालच्या फळ्यांची थरथर, आणि समोर ती लाल पाठ, श्वासागणिक हलणारी.

दादा पुढे सरकतो. बोटं बाहीच्या कडेवर. पहिली गोळी. दोरा सरसरत निघतो, तुम्ही घातलेला तो. दुसरी. गुरू मान वळवून गोड हसतायत, लोकांना हात दिसतोय, बोटं दिसतायत, मागे काय चाललंय ते नाही. तिसरी गोळी अडते. तुमच्या छातीत धस्स होतं. दादा ओढत नाही. तो नुसता थांबतो, गुरूंचा खांदा पुढच्या तालाला जरासा वर उचलला जायची वाट बघतो, आणि खांदा उचलताच दोरा लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर. म्हणजे खांदा त्यासाठीच उचलला होता. पाठीमागे डोळे नसताना त्यांना कळलं होतं.

ढोलकी चढते. शामिसेन धावू लागते. गुरू अर्धं वळतात. दादाचे दोन्ही हात. फट्!

लाल नाही. निळा आहे, आकाशासारखा, आणि तीच मुलगी, तीच मान, एक पाऊलही न चुकता. आधी शांतता, मग सगळं नाटकगृह एका तोंडाने ओरडतं आणि तो आवाज तुमच्या बरगड्यांना येऊन धडकतो. तुमच्या मांडीवर लाल रेशमाचा ढीग येऊन पडलाय. उबदार, ओलाचिंब. तो छातीशी गोळा करून गुडघ्यांवरच मागे सरका, आत पळा.

पुढे आणखी रंग येतात आणि जातात. शेवटी ती घंटेवर चढते, अंगावर त्रिकोणांची नक्षी, म्हणजे सापाचे खवले. ते तुम्हाला नीट दिसणार नाही. तुम्ही मागच्या अंधारात लाल किमोनो बांबूवर पसरवत असाल.

संध्याकाळ. खालच्या चहागृहांत कंदील लागलेत. गुरू टोपाविना, चेहरा धुतलेले, भिंतीला टेकून बसलेत; कपाळावर तांब्याच्या साच्याचा लाल वळ. कुणी बोलत नाही. गळ्याची वरची पट्टी पांढऱ्या रंगाने माखलीय, ती उसवा, उद्या नवी लावायची. ओढलेले दोरे गोळा करा. गोळ्या मोजा, एखादी रंगमंचावर राहिली आणि उद्या कुणाच्या पायाखाली आली तर? एक कमी भरते. तुम्ही चटई चाचपता, बाह्या झटकता. ती दादाच्या मुठीत असते. तीच, अडकलेली तिसरी. तो ती दिव्यापाशी धरून तुम्हाला गाठ दाखवतो. दोरा दुहेरी पिळला गेला होता, बस एवढंच.

"डावा खांदा," तो म्हणतो. "तिथे मी घालू का उद्या?"

तुम्ही मान हलवता. नाही.

तो गोळी तुमच्या तळहातावर ठेवतो आणि दिवा जवळ सरकवतो. रेशीम अजून दमट आहे, कापराचा वास घामाखाली दबलाय. सुई बोटांत धरा. दोरा ओला करा, टोक चपटं करा, आणि ओवा.