पिकअपला मागे जोडचाके : भार खरोखर वाढतो का?

प्रतिनिधी, नवी मुंबई

वाशी-तुर्भेच्या बाजार समितीच्या आवारात पहाटे माल उतरवताना दोन प्रकारची लहान मालवाहने शेजारी-शेजारी उभी असलेली दिसतात. एकाला मागे दोनच चाके असतात, दुसऱ्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे एकूण चार. पहिल्याला व्यवहारात पिकअप म्हणतात; दुसरे बहुधा टाटा ४०७ किंवा त्याच्या जातकुळीतले असते. ज्याच्याकडे जुनी पण धडधाकट पिकअप आहे, त्याच्या मनात अशा वेळी एक हिशेब सुरू होतो. मागे आणखी दोन चाके बसवली, तर हीच गाडी ४०७ एवढे ओझे वाहील काय?

यंत्रशाळेच्या दृष्टीने पाहिले तर चाके बसवता येतात. भंगार बाजारात मागचे ॲक्सल मिळते, लेथवर हब तयार होतो, वेल्डिंग करणारे तर कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. परंतु चाके वाढली म्हणजे भार वाहण्याचा अधिकार वाढला असे होत नाही. कागदोपत्री तो तितकाच राहतो आणि प्रत्यक्षात थोडा घटतो. असे का होते, हे समजून घेण्यासाठी जोडचाकांची रचना मुळात कशासाठी झाली ते पाहिले पाहिजे.

ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर भाराचा मोठा वाटा येतो. पूर्वीच्या सुती किंवा नायलॉन धाग्यांच्या टायरांना एकट्याने तो झेपत नसे. मोठा टायर लावावा, तर हौदा उंच होतो आणि हमालाचे काम वाढते. म्हणून एकाच आकाराचे दोन टायर शेजारी लावण्याची पद्धत रूढ झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून बाहेर पडलेले डॉज आणि फार्गो ट्रक मुंबईकरांच्या मागच्या पिढीने पाहिले आहेत. त्या जातीच्या मालवाहू ट्रकांना मागे अशीच जोडचाके असत. अमेरिकेत हीच रचना पुढे पिकअपमध्ये उतरली. १९७३ साली शेव्हरोले कंपनीने आपल्या एक टनी पिकअपला कारखान्यातूनच मागे चार चाके दिली आणि तिथे अशा गाडीला ‘ड्युअली’ हे लाडके नाव पडले. जुन्या अमेरिकी पिकअपला घरच्या घरी ‘ड्युअली’ करण्याची हौस तिथलीच. आपल्याकडे हौसेपेक्षा धंद्याचा प्रश्न अधिक असतो, हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

भारतात लहान मालवाहनांची खरी स्पर्धा १९८०च्या दशकात पेटली. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी या चार जोड्या जपानी तंत्रज्ञान घेऊन बाजारात उतरल्या. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ साली ४०७ आणला. नावातील चार हा आकडा साधारण चार टन एकूण वजनाचा आणि शून्य-सात हा साधारण सत्तर अश्वशक्तीचा निदर्शक. मागे जोडचाके, जाड पाटे, वजनदार ॲक्सल असा हा ट्रक आरंभापासूनच सहा चाकांसाठी आखलेला होता. दोन वर्षांनी, १९८८मध्ये, टाटामोबाइल २०६ ही पिकअप आली आणि तिच्याच वंशातील २०७ पुढे गावोगावी पोहोचली. तिला मागे दोनच चाके. या दोन वाहनांच्या नावांत केवळ एका आकड्याचा फरक असला, तरी चाकांच्या वर जे काही आहे ते सारे भिन्न आहे. रूपांतराचा विचार करणाऱ्याची पहिली गफलत इथेच होते.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

जोडचाकाची रिम साध्या रिमसारखी नसते. तिची मधली तबकडी एका बाजूला खोलगट आणि दुसऱ्या बाजूला फुगीर असते. दोन रिम पाठीला पाठ लावून एकाच हबवर आवळल्या, की दोन टायरांत ठरावीक फट राहते. ही फट महत्त्वाची. भाराखाली टायरचा तळ फुगतो आणि दोन टायर एकमेकांना घासू लागले, तर उष्णतेने त्यांच्या बाजू फाटतात. ४०७च्या पुढच्या चाकाकडे नीट पाहिले तर तबकडी बाहेर आलेली दिसते. मागच्या बाहेरच्या चाकाची आत गेलेली. रिम मात्र तीच, केवळ उलटी बसवलेली. त्यामुळे एकच स्टेपनी सहाही जागी चालते. पिकअपचे फक्त मागचे ॲक्सल बदलले तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बोल्टांची मांडणी जुळत नाही आणि दोन स्टेपन्या वाहण्याची पाळी येते.

याहून गंभीर बाब ॲक्सलची. हलक्या वाहनांत बहुधा चाक थेट आतल्या शाफ्टच्या टोकाला बसवलेले असते. तोच शाफ्ट चाक फिरवतो आणि भारही पेलतो. जड वाहनांत भार बाहेरच्या नळीवर, म्हणजे हाउसिंगवर असतो. हब दोन बेअरिंगांवर त्या नळीभोवती फिरतो आणि आतला शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. असा शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. पहिल्या प्रकारात तो तुटला तर चाक निखळून गाडीपुढे धावू शकते.

आता सर्वांत स्वस्त उपायाकडे पाहू. मूळ चाकावर लोखंडी जोडतुकडा बसवून त्याच्या बाहेर दुसरे चाक लावणे, हा तो उपाय. समजा मागच्या एका बाजूला ९०० किलो भार येतो आणि दोन टायरांच्या मध्यरेषांत २५० मिलिमीटर अंतर आहे. दोघांनी भार समान वाटून घेतला, तर भाराचा मध्य बेअरिंगपासून १२५ मिलिमीटर बाहेर सरकतो. आतला टायर पंक्चर झाला, तर सगळे ९०० किलो २५० मिलिमीटर बाहेर लटकतात. लांब दांड्याच्या पान्याने नट सहज सैल होतो, तोच न्याय इथे बेअरिंग आणि शाफ्टच्या विरुद्ध लागू होतो. रस्त्यातील एखादा खड्डा हा भार क्षणभर कितीतरी पटींनी वाढवतो, आणि खड्ड्यांविषयी शीव-पनवेल महामार्गाच्या प्रवाशांना वेगळे सांगायला नको. हा जोडतुकड्याचा उपाय कोणी कितीही स्वस्तात देऊ केला, तरी नाकारावा.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे संपूर्ण ॲक्सलच बदलणे. पण मग पाट्यांमधील अंतर जुळवावे लागते, मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि कोन बदलतो, दातांचे गुणोत्तर बदलल्याने स्पीडोमीटर चुकू लागतो, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला मोठ्या ड्रमसाठी अधिक तेल ढकलावे लागते. मडगार्ड रुंद करावे लागतात ते वेगळेच. एवढे करूनही चेसिस जुनीच, क्लच आणि गिअरबॉक्स जुने, पुढचे ब्रेकही जुनेच. पुण्याकडून भाजीपाला घेऊन बोरघाट उतरणाऱ्या गाडीला ही उणीव पहिल्यांदा जाणवते. वजन दीडपट झाले तर त्याच वेगावरून गाडी थांबवताना ब्रेकना दीडपट उष्णता झेलावी लागते आणि तापलेले ड्रम उतारावर पकड सोडू लागतात. मागे चार चाके आहेत म्हणून घाटात निर्धास्त राहणे, याइतकी धोकादायक समजूत नाही.

टायरांचे गणितही वाटते तितके सरळ नाही. टायरच्या बाजूवर भारनिर्देशांकाचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १२०/११६. पहिला एकेरी वापरासाठी, दुसरा जोडीतील वापरासाठी. १२० म्हणजे १,४०० किलो आणि ११६ म्हणजे १,२५० किलो. मागे असे दोन टायर असतील तर २,८०० किलो पेलतात. चार लावले तर ५,६०० नव्हे, ५,००० किलो. जोडीतील दोन टायर कधीच अगदी सारखा भार घेत नाहीत, म्हणून ही कपात. दोघांच्या व्यासात काही मिलिमीटरांचा फरक असला तरी मोठा टायर ओझे घेतो आणि लहान घसटत जातो. नवा टायर आणि गुळगुळीत झालेला टायर एका जोडीत लावणे म्हणूनच वर्ज्य आहे. आतल्या टायरमधील हवा तपासण्यासाठी व्हॉल्व्हला लांब नळी लागते आणि ती नसली की तपासणी टळते. जुने चालक टॉमीने टायरवर ठोका मारून आवाजावरून हवा ओळखतात. दोन टायरांत अडकलेला दगड काढणे हे त्यांच्या सकाळच्या कामांपैकी एक, कारण तो सुटून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. पावसाळ्यातील आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. रिकामी सहाचाकी गाडी ओल्या रस्त्यावर अधिक सहज घसरते, कारण थोडे वजन चार टायरांवर पसरल्याने प्रत्येकाचा रस्त्यावरील दाब कमी होतो.

पुस्तकातील रकाना

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५८ने मालवाहनांच्या वजनाची सांगड टायरांशी घातली आहे. टायरांची संख्या, प्रकार आणि आकार, तसेच वाहनाची बनावट लक्षात घेऊन एकूण वजनाची व प्रत्येक ॲक्सलच्या भाराची कमाल मर्यादा ठरते आणि या नोंदी नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे चालकांच्या भाषेत ‘आरसी बुक’मध्ये, कराव्या लागतात. १६ जुलै २०१८च्या अधिसूचनेने चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. दोन ॲक्सलच्या ट्रकचे कमाल एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. मात्र ही झाली वरची मर्यादा. निर्मात्याने त्या वाहनासाठी ठरवलेला आकडा कमी असेल तर तोच लागू. पिकअपला चार टायर लावून ११.५ टनांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

निर्मात्याचा आकडा बदलत नाही, याचा परिणाम विलक्षण आहे. कारण जास्तीच्या दोन चाकांचे वजनही गाडीनेच वाहायचे असते. टायरसह एक चाक आकारानुसार तीस ते पन्नास किलोंचे, त्यात जड ॲक्सलची भर. एकूण वजनाची मर्यादा तीच असल्याने हे सारे किलो मालाच्या वाट्यातून वजा होतात. म्हणजे पैसे खर्चून कायदेशीर भारक्षमता कमी करून घ्यायची! जास्त माल भरलाच तर तो अतिभार ठरतो. १ सप्टेंबर २०१९पासून केंद्रीय कायद्यात त्यासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च.

मुळात बदलालाच परवानगी आहे का? कलम ५२ सांगते की, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. इंधन बदलण्याचे मान्यताप्राप्त संच, त्याच बनावटीचे बदली इंजिन, अपंग व्यक्तीसाठी केलेली अनुकूल रचना अशा मोजक्या वाटा खुल्या आहेत. ॲक्सल आणि चाकांची संख्या त्यांत येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कठोर अर्थ लावला आणि राज्याच्या नियमांचा आधार घेऊन मूळ रचना बदलता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मालवाहनाला आठ वर्षांनंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे एमएच-४३ असो की पनवेलची एमएच-४६, पुस्तकात चार आणि रस्त्यावर सहा चाके असलेली गाडी वर्षातून एकदा तरी तपासणीसमोर उभी राहणारच.

ज्याला अधिक भार वाहायचा आहे, त्याने भार वाहण्यासाठीच घडवलेली गाडी घ्यावी. ४०७चे ४,४५० किलो एकूण वजनाचे रूप ७,५०० किलोंच्या आत बसते. हलक्या वाहनाच्या परवान्यावर त्या मर्यादेतील मालवाहन चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले आहे. परवान्याच्या भीतीने पिकअपलाच चिकटून राहण्याचे कारण उरलेले नाही. शिवाय जोडचाकांची गरजही पूर्वीएवढी राहिलेली नाही. २०२२ साली आलेली टाटा योद्धा २.० मागे दोनच चाके असून दोन टनांचा भार कंपनीच्या हमीसह वाहते. पोलादी पट्ट्यांच्या रेडियल टायरांनी हे साधले. नवी मुंबईच्या गावठाणांतील अरुंद गल्ल्यांत ही सडपातळ गाडी सहाचाकीपेक्षा सोयीची पडते आणि टायरांचा खर्चही दोन टायरांनी कमी.

राहता राहिले हौशी संग्राहक. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी देऊ केली. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे टिकते. अट अशी, की चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. जुन्या पिकअपला रुंद मडगार्ड आणि मागे चार चाके शोभून दिसतात हे खरे. तथापि त्यासाठी चेसिसला हात लावला की हे दार बंद होण्याचा धोका आहे. मूळ दोन चाके राखलेली गाडी अशा संग्रहात अधिक मोलाची.

जुनी सहाचाकी विकत घेणाऱ्यांनी मात्र व्यवहारापूर्वी आरसी बुकातील टायरांची संख्या आणि मागच्या ॲक्सलचा भार हे दोन रकाने वाचावेत. मग गाडीखाली वाकून हाउसिंगवरील वेल्डिंगचे ताजे डाग, पाट्यांच्या बैठकी आणि पुढच्या-मागच्या रिमचे बोल्ट पाहावेत. पुढची रिम मागे बसत नसेल, तर ती गाडी कारखान्यातून सहा चाकांवर निघालेली नसण्याचीच शक्यता अधिक.