बोरघाटातील ओझ्याची कथा

बोरघाटाचे नाव काढले की आपल्याला पावसातले धबधबे, खंडाळ्याची थंड हवा आणि लोणावळ्याची चिक्की आठवते. दिवाळीसाठी मुंबईहून पुण्याला निघालेली मुले कर्जत आले की वड्यावर तुटून पडतात. गाडी इथे थांबली कशासाठी, हे विचारायची कोणाला आठवण राहत नाही. खरे तर त्या थांब्यातच या घाटाचा सारा इतिहास साठलेला आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची ही उभी चढण माणसाला दोन हजार वर्षे एकच कोडे घालीत आली आहे. ओढायला जोर हवा, हे तर कोणालाही कळते. पण ओझे ठेवायचे कुठे आणि उतारावर त्याला आवरायचे कोणी, यातच घाटाची खरी मेख आहे.

कार्ले आणि भाजे येथील लेणी कोरली गेली त्या काळापासून कोकणची बंदरे आणि देश यांच्यामधला व्यापार या वाटेने चालत आला. लोहगड, विसापूर आणि राजमाची हे किल्ले या वाटेचेच पहारेकरी. त्या वेळी चाकाची गाडी घाटात चढत नसे. लमाण-वंजाऱ्यांचे बैल मीठ घेऊन वर येत आणि धान्य घेऊन खाली उतरत. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोणी टाकलेली असे. एक बाजू जड झाली तर बैलाची पाठ सोलवटून निघे, आणि अरुंद वाटेवर पाऊल चुकले तर माल व जनावर दोन्ही दरीत जात. समतोल म्हणजे काय, हे या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

ज्यांना हा धडा वेळेवर उमगला नाही, त्यांची गत मावळाने १७७९ साली पाहिली. रघुनाथरावांना गादीवर बसविण्याचा बेत करून मुंबईचे इंग्रजी सैन्य १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून आले. सैन्य जेमतेम चार हजारांच्या आतबाहेर, पण बरोबरचे बैल १९,००० हून अधिक! तोफा, दारूगोळा, तंबू, शिधा असा तो पसारा. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतची अवघी आठ मैलांची वाट काटायला या लष्कराला अकरा दिवस लागले. ४ जानेवारीला कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, तोफेच्या गोळ्याने पडला. पुढे तळेगावला पोचतात तो गाव जाळून ओस केलेला! महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी शत्रूला लढाईआधी त्याच्याच ओझ्याखाली दमविले होते. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी आपल्या अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. पण मराठी फौजांनी त्यांना वडगावला गाठले, आणि तहावर सही करण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत; पण न आवरणारे ओझे हे त्यांतले मोठे कारण होय.

पुढे राज्य इंग्रजांचे झाले, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील नवा गाडीरस्ता खुला केला. त्या वर्षीचा खंडाळ्याजवळचा पूल पुढे एका मलमाच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून सर्वांच्या तोंडी बसला. तो एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला.

रस्ता झाला तशा बैलगाड्या आल्या, आणि गाडीवानाची कसोटी सुरू झाली. दोन चाकांच्या गाडीत भार आसाच्या मागे जास्त झाला तर गाडी उलळते. जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. भार फार पुढे आला तर तो सारा बैलांच्या मानेवर येतो. म्हणून भार किंचित पुढे झुकता ठेवायचा. गंमत अशी, की सपाटीवर नीट बसलेला भार चढणीवर मागे कलतो आणि उतारावर पुढे रेटतो. म्हणून जाणता गाडीवान चढताना पुढे सरकून बसे, आणि उतरताना खाली उतरून गाडी मागून धरून ठेवी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपले शेतकरी बैलाची खांदेमळणी करतात, त्या हळदी-तुपामागे वर्षभराच्या याच भाराची जाणीव असते.

यानंतर आगगाडीची पाळी आली. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले. १८५८ साली पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत रूळ आले. खालून ते खोपोलीपर्यंत आलेच होते. मधला घाट मात्र उतारूंना पालखीतून किंवा बैलगाडीतून ओलांडावा लागे. १८६१ साली या कामावर ४२,००० हून अधिक मजूर होते. पटकीच्या साथीने त्यांतले कितीतरी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हेही १८५९ साली इथे येताच थोड्या दिवसांत वारले; त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने मात्र कंत्राट सोडले नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला: सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे.

सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. म्हणजे ३७ टन वर नेताना एक टन सतत मागे खेचत असतो. सारी गाडी पुढच्या एंजिनाने ओढायची म्हटले तर पहिल्या डब्याच्या साखळीवर सर्व ताण येतो. ती तुटली तर डबे थेट कर्जतच्या दिशेने! म्हणून मागूनही एंजिने लावून ढकलायचे. जुन्या फौजांत तोफा चढवताना हत्ती मागून मस्तक लावीत, त्यातलाच हा प्रकार. कर्जतला पुष्कळ गाड्या अजूनही थांबतात त्या याचसाठी. उतारासाठी आणखी एक युक्ती केली: ठराविक ठिकाणी सांधा नेहमी चढावरच्या आडरुळाकडे वळवलेला असतो. गाडी तिथे थांबून ताब्यात असल्याचे दिसले, तरच तिला मुख्य रूळ मिळतो. बेफाम सुटलेली गाडी आपोआप त्या चढावर जाऊन दमते.

आता द्रुतगती मार्गाचा जमाना आहे. मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सहलीला निघण्याची पाश्चात्त्य हौसही आपल्या परिचयाची झाली आहे. त्या मागच्या गाडीचा नियम काय? तिच्या एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा जोडावर पडावा. कमी पडला तर ती वेगाबरोबर शेपटासारखी डोलू लागते. जास्त पडला तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूचा ताबा सैल पडतो. यासाठी जोडाला पोलादी दांड्या बसवून तो भार पुढच्या चाकांवर आणि मागच्या गाडीच्या आसावर वाटून देतात, आणि घर्षणाच्या साधनाने डोलणे आवरतात. तरीही डोलू लागलीच, तर सुकाणूला हिसका न देता वेग हळूहळू कमी करावा, आणि मागच्या गाडीला स्वतंत्र ब्रेक असेल तर तो हलकेच लावावा. कासारसाईच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या नेणाऱ्या ट्रॅक्टरचालकालाही हे ओझ्याचे गणित चुकवून चालत नाही.

नवी वाटणारी ही विद्या म्हणजे बोरघाटातल्या गाडीवानाचीच जुनी समज होय. बैलाच्या मानेच्या जागी पोलादी जोड आला, एवढाच फरक. तळ्यात ढकललेल्या तोफांपासून चढावरच्या आडरुळांपर्यंत हा घाट एकच सांगतो: निघण्यापूर्वी ओझे नीट रचा, आणि चढायच्या आधीच उतरण्याचा विचार करा.