प्रवास-नकाराचा इतिहास : डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या काळ्या यादीपासून विमानतळावरील काउंटरपर्यंत

प्रस्तावना

तिकीट काढलेले आहे, सामान बांधलेले आहे, आणि तरीही आंतरराष्ट्रीय विमानात बसू दिले जात नाही, असा प्रसंग आज अपवादात्मक राहिलेला नाही. पासपोर्टची उर्वरित मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी असणे, मधल्या विमानतळासाठी लागणारा ट्रान्झिट व्हिसा नसणे, पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसणे, ज्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीची नोंद आहे अशा कामगारांजवळ आवश्यक परवानगी नसणे, अथवा कंपनीने आसनांहून अधिक तिकिटे विकलेली असणे अशी त्याची कारणे सांगितली जातात. ही कारणे सामान्यतः प्रवासी-मार्गदर्शनाचा विषय मानली जातात. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. नकार कोण देतो, आणि ज्याला तो मिळतो त्याला त्याचे कारण कळते काय, हे दोन प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांचा एक धागा थेट वर्धा शहरापर्यंत पोहोचतो.

वर्ध्याचा क्रांतिकारक आणि काळी यादी

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्धा येथे जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे लोकमान्य टिळकांच्या विचाराने भारावून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडले. जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचून त्यांनी लष्करी व कृषी शिक्षण घेतले आणि गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धात ते इराण व बलुचिस्तानच्या भागात ब्रिटिशांविरुद्ध लढले. 1924 च्या सुमारास ते मेक्सिकोत स्थिरावले. तेथील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या मेक्सिको शहरातील भित्तिचित्रात त्यांची आकृती आहे. परक्या देशाने इतका मान दिलेल्या या माणसाला स्वदेशाचे दार मात्र दीर्घकाळ बंद होते.

येथे एक बाब विशेष नमूद करण्यासारखी आहे. ब्रिटिश सरकारने त्यांना येऊ दिले नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु स्वातंत्र्यानंतरही भारतात येण्यासाठी त्यांनी केलेला व्हिसाचा अर्ज आरंभी नामंजूर झाला, कारण ब्रिटिश अमदानीतील काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते! ज्या राज्यसत्तेविरुद्ध ते लढले ती गेली. तिची यादी मात्र दप्तरात राहिली. पुढे हा नकार रद्द झाला व ते नागपुरास येऊन राहिले. यादीतून नाव काढणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नसते, हा प्रशासनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पैलू या उदाहरणातून दिसतो.

युद्धकालीन कागदाचा वारसा

पासपोर्ट ही वस्तू आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याशिवाय समुद्र ओलांडता येत असे, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते. खानखोजे देशाबाहेर पडले त्या काळी पासपोर्टची सार्वत्रिक सक्ती नव्हती. महायुद्धाने चित्र पालटले. परदेशातून परतणाऱ्या गदर कार्यकर्त्यांना अडविण्यासाठी सप्टेंबर 1914 मध्ये भारतात प्रवेशाविषयीचा अध्यादेश निघाला आणि 1920 च्या कायद्याने भारतात येणाऱ्यास पासपोर्ट सक्तीचा करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. युद्ध संपले, तपासणी संपली नाही.

वाहतूक कंपनीला पहारेकरी बनविण्याची युक्ती याहून जुनी आहे. कॅनडाने 1908 मध्ये ‘अखंड प्रवासा’चा नियम केला. मायदेशातून थेट एकाच तिकिटावर न आलेल्यास प्रवेश नाही, असा तो नियम. आणि भारतातून असे थेट तिकीट जहाज कंपन्यांनी विकू नये, यासाठी त्यांच्यावर दबाव आणण्यात आला. नियमात भारतीयांचे नाव कोठेही नव्हते. त्याला आव्हान देण्यासाठी निघालेल्या कोमागाटा मारू जहाजावर 376 प्रवासी होते. 23 मे 1914 रोजी ते व्हँकुव्हरला पोहोचले, दोन महिने बंदरात अडकले आणि त्यातील बहुसंख्य प्रवाशांसह त्याला परत फिरावे लागले. सरकारने सीमेवर ‘नाही’ म्हणण्याऐवजी तिकीट-खिडकीवरच कंपनीकडून ‘नाही’ म्हणवून घेणे हीच आजच्या व्यवस्थेची पूर्वपीठिका होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आजचा काउंटर

भारतात 2000 च्या वाहक-दायित्व कायद्यान्वये वैध कागदपत्रे नसलेल्या प्रवाशास देशात आणणाऱ्या कंपनीवर प्रतिप्रवासी एक लाख रुपयांचा दंड ठरविण्यात आला. 1 सप्टेंबर 2025 पासून अमलात आलेल्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने तो कायदा व 1920 चा कायदा दोन्ही रद्द केले. वाहकाचे दायित्व मात्र कायम ठेवले. अन्य देशांतही असेच कायदे आहेत. त्यामुळे नागपूर वा मुंबईच्या काउंटरवरील कर्मचारी वस्तुतः गंतव्य देशाचा नियम लावत असतो. दंडाची भीती असल्याने शंका आली की तो नकाराकडे झुकतो.

येथे एक विसंगती दिसते. अधिक तिकिटे विकल्यामुळे प्रवाशास उतरविले, तर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार भरपाई मिळते : एका तासाच्या आत सुटणारे पर्यायी विमान न दिल्यास, ते 24 तासांच्या आतले असेल तर मूळ भाडे व इंधन आकाराच्या 200 टक्के, कमाल 10,000 रुपये, त्याहून उशिराचे असेल तर 400 टक्के, कमाल 20,000 रुपये. कागदपत्रांबाबत कर्मचाऱ्याचा समज चुकीचा ठरला तर मात्र असे ठरीव कोष्टक नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. म्हणजे व्यापारी कारणाने दिलेल्या नकाराची किंमत ठरली आहे. शासनाच्या वतीने दिलेल्या चुकीच्या नकाराची ठरलेली नाही.

कारण कळण्याचा हक्क

खानखोजे यांचे 22 जानेवारी 1967 रोजी निधन झाले. त्यानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, 10 एप्रिल 1967 रोजी, सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने परदेशप्रवास हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला. तोवर पासपोर्ट देणे-न देणे हा सरकारच्या मर्जीचा प्रश्न मानला जाई. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला व नकाराची कारणे प्रथमच कायद्यात लिहिली गेली. 1977 मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘जनहितार्थ’ जप्त झाला आणि कारणे सांगण्यास सरकारने नकार दिला. 25 जानेवारी 1978 च्या निर्णयाने प्रक्रिया न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हा दंडक प्रस्थापित झाला. आपल्या राज्यशास्त्राच्या वर्गांत हा निर्णय अनुच्छेद 21 चा विस्तार म्हणून शिकविला जातो. त्याच्या मुळाशी एका प्रवाशाला नाकारलेला प्रवास आहे, हे बहुधा सांगितले जात नाही.

मात्र यादी संपली नाही. तिचे आजचे रूप म्हणजे लूकआउट परिपत्रक. ते निघाल्याचे संबंधित व्यक्तीस सामान्यतः आधी कळविले जात नाही. कंपनीने बोर्डिंग पास दिल्यावर इमिग्रेशनच्या टेबलाशी ते उघड होते. 2010 च्या सूचनांनुसार असे परिपत्रक साधारणतः एका वर्षाने आपोआप निष्प्रभ होई. 2021 च्या सूचनांनी ते मूळ यंत्रणेने रद्द करण्यास सांगेपर्यंत कायम राहते. खानखोजे यांच्या संदर्भात वर जे म्हटले, ते येथे पुन्हा आठवते. जानेवारी 2015 मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना लंडनला जाताना दिल्लीच्या विमानतळावर थांबविण्यात आले. दोन महिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाने ती कृती रद्द ठरविली. सार्वजनिक बँकांच्या प्रमुखांना कर्जदारांविरुद्ध अशी परिपत्रके मागण्याचा 2018 मध्ये दिलेला अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने 23 एप्रिल 2024 रोजी अवैध ठरविला. त्या खटल्यांतील कित्येक अर्जदारांना आपले नाव यादीत आहे हे विमानतळावरच समजले होते.