मॅन पेजची कुळकथा

युनिक्स या संगणक प्रणालीची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती लिहिली. प्रत्येक आज्ञेला वेगळं पान: नाव, वापरायची रीत, वर्णन, ठाऊक असलेले दोष आणि जबाबदार माणसाचं नाव. आपल्याच प्रणालीतल्या चुका छापून देण्याचा हा प्रामाणिकपणा आजही मॅन पेजवर, म्हणजे मार्गदर्शिकेच्या अशा पानावर, टिकून आहे.

पानांचा मजकूर संगणकावरच असे, पण कच्च्या रूपात. टिंबानं सुरू होणारी ओळ म्हणजे रॉफ या प्रोग्रामला दिलेली सूचना: इथे शीर्षक, इथे नवा परिच्छेद. रॉफचा पूर्वज रनऑफ हा जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ मध्ये एमआयटीत लिहिला होता. पुढे जो ओसाना यांनी टेलिटाइपसाठी एनरॉफ आणि छपाईच्या यंत्रासाठी ट्रॉफ तयार केले. मजकूर एकच, रूपं दोन.

टेलिटाइपवर ठळक अक्षर उमटवण्याची युक्ती साधी होती. अक्षर, बॅकस्पेस, पुन्हा तेच अक्षर; शाईचा ठसा दुहेरी बसे. अधोरेखनासाठी आधी अंडरस्कोअर, मग बॅकस्पेस, मग अक्षर.

युनिक्स विकाऊ झालं तसं चित्र पालटलं. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टीनं एनरॉफ-ट्रॉफसारखी मजकूर मांडणीची साधनं ‘डॉक्युमेंटर्स वर्कबेंच’ या नावानं वेगळी विकायला काढली. मग मूळ युनिक्सबरोबर पानं पाठवायची कशी? सिलिकॉन ग्राफिक्ससारख्या कंपन्यांनी ती आधीच मांडून, दाबून लहान केलेल्या फायलींत दिली. पान झटकन उघडे आणि डिस्कवरची जागाही वाचे. पण ओळींची रुंदी कायमची ठरलेली, आणि एनरॉफ विकत घेतल्याशिवाय ग्राहकाला स्वतःच्या प्रोग्रामचं पान मांडता येत नसे. वाचकाचं हे नुकसान मोठं होतं.

ही कोंडी फोडली जेम्स क्लार्क यांच्या ग्रॉफ या ट्रॉफच्या मुक्त पर्यायानं, १९९० मध्ये. मांडणीचं साधन फुकट मिळू लागल्यावर मूळ मजकूर वाटणं पुन्हा सोपं झालं. लिनक्सची वितरणं आजही तोच मजकूर जीझिपनं आवळून पाठवतात आणि पान वाचकाच्या खिडकीच्या रुंदीनुसार त्या क्षणी मांडलं जातं.

बर्कलीत सिंथिया लिव्हिंगस्टन यांनी त्याच सुमारास पानांसाठी एमडॉक ही खुणांची नवी पद्धत घडवली. त्यात ‘हे ठळक करा’ असं न सांगता ‘हा पर्याय आहे’, ‘हे फाइलचं नाव आहे’ असं लिहितात. ओपनबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीनं २०१० मध्ये ग्रॉफऐवजी स्वीकारलेलं मॅनडॉक हे साधन याच खुणांच्या आधारे शोध घेतं: एखादा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल कोणकोणत्या पानांत आला आहे, ते एका आज्ञेत सांगतं.