मोटारीची जमीन

निजामाच्या राज्यांत निघालेलें औरंगाबादचें, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचें, नभोवाणी केंद्र 1950 सालीं ऑल इंडिया रेडिओकडे आलें. मध्यमलहरींचीं केंद्रें मनोऱ्याभोवतीं तांब्याच्या तारा पुरून जमिनीचा आधार घेतात. कारागीर त्याला ‘अर्थ’ म्हणतात. रबरी चाकांवर धांवणाऱ्या मोटारीनें ही जमीन आणावी कोठून?

‘हॅम’ म्हणविणाऱ्या हौशी बिनतारीवाल्यांनीं मोटारीचा लोखंडी सांगाडाच जमीन मानला. दिव्यांचा नि भोंग्याचा प्रवाह त्यांतूनच परतत असे. मात्र त्या काळच्या बहुतेक इंग्रजी मोटारींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला बांधीत. ऋण टोंक बांधण्याची रीत पुढें रूढ झाली. त्यामुळें जुन्या गाडींत ट्रान्झिस्टरचें नवें यंत्र उलटें जोडलें गेलें, तर तें क्षणांत जळून जाई. व्हॉल्व्हच्या यंत्रांची पीडा निराळी. बॅटरीच्या 6 व्होल्टांचे शेंदोनशें करणारा व्हायब्रेटर सारखा गुणगुणे, आणि तें गुणगुणणें बोलण्यांत मिसळे!

आजचें 100 वॅटचें यंत्र बोलतांना सुमारें 20 अँपिअर ओढतें. म्हणून जाड तारा थेट बॅटरीपासून आणाव्या, आणि फ्यूज बॅटरीपाशींच घालावा. तो यंत्रापाशीं घातला, तर वाटेंत घासून उघडी पडलेली तार पेट घेते.

30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटें किल्लारीला भूकंप झाला, तेव्हां हॅम मंडळी मदतीस गेली होती. अशा ठिकाणीं विजेचा भरंवसा नसतो. मग मोटारीच्या बॅटरीवरच बोलावें लागतें, आणि रंग न खरवडतां आवळलेला सांगाड्यावरचा एक बोल्टही निरोप मध्येंच तोडतो.